पाचवं कडवं

मेम्फिस

प्रिय जोनेल,

बरं झालं, तू आली नाहीस. तुझ्या आईचा तो गौरव तुला बघवला नसता. जिवंतपणी जिला या चर्चनं पायरी चढू दिली नाही, तिच्या फोटोभोवती परवा फुलांची कमान काय, दिवे काय! पास्टर एल्सवर्थ तर रुमालानं डोळे टिपत होता. "लुव्हिनिया म्हणजे आपल्या काळ्या माणसांचा आवाज," म्हणे. मेल्या, तो दाबला कोणी, हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

तू पोटात होतीस तेव्हाची गोष्ट. लग्नाआधी दिवस गेले, म्हणून रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून माफी माग, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "एकटी का? दोघं उभी राहू की!" झालं! तिला चर्चमधून काढलं, आणि ते सगळ्यांना वाचून दाखवलं या एल्सवर्थनं. तेव्हा नुकताच उपदेश करायला लागला होता. तू झालीस आणि त्याच संतापात तिनं 'बाकं' ही कविता लिहिली. कडवी पाच, छापली चारच. पाचवं छापायची कुणाची छाती झाली नाही. मला मात्र तिनं ते भेंडी चिरता चिरता म्हणून दाखवलं होतं.

परवा एका पोरीनं ड्रमच्या तालावर ती चार कडवी अशी म्हटली, की अंगावर काटा आला. लोक "सांग बाई, सांग!" म्हणून ओरडत होते. शेवटचं स्तोत्र माझ्याकडे होतं. आपली जुनी स्तोत्रं आठवतात ना? एकानं ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती लांबवत गायची. पूर्वी वाचता कुणाला येत होतं! आता ओळ सांगणारी मी एकटीच उरलेय, नाहीतर माझ्या हातात माइक देतोय कोण?

मी स्तोत्राच्या चालीत त्या पाचव्या कडव्याची ओळ सांगितली, "माझ्या लेकीचे डोळे कुणाचे? एल्सवर्थ, सांग ना!"

आणि जोनेल, सगळं चर्च गायलं गं! सवयच तशी, ओळ आली की तोंड उघडायचं, विचार मागाहून. कमी ऐकू येणारी सिस्टर ओझेला तर सगळ्यांत मोठ्यानं. सूर ओढता ओढता एकेकाच्या लक्षात आलं आणि हातपंखे थांबले. एल्सवर्थची बायको उठून गेली. नंतरच्या जेवणात तळलेल्या माशांना कुणी शिवलं नाही.

लहानपणापासून तू बाप कोण म्हणून विचारायचीस आणि आई तोंड फिरवायची. तिचा हट्ट एकच, त्यानं स्वतः सांगावं. वाट बघत गेली बिचारी. परवाही तो नुसता बुटांकडे बघत बसला. आता गावभर झालंय. कुणी नतद्रष्टानं चवीचवीनं सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहितेय. तो फोन करील, रडेल, आपण प्रार्थना करू म्हणेल. उचलायचा की नाही, तुझं तू ठरव. डोळे त्याचेच आहेत तुझे, पोरी. पण आईचं काय घेतलंस, तेही कळू दे त्याला एकदा.

तुझीच, पाचही कडवी पाठ असलेली,
व्हर्डेल मावशी