टिल्लीची वही

१४ मार्च, शनिवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट बघून आधी चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, आता काय नवीन खुसपट काढलंय हिनं! फोनच करणार होते. पण तू 'हॅलो' म्हणालीस की माझा पारा चढतो, आणि मागच्या खेपेला फोन मीच आपटला होता. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, तेवढंच बरं.

इकडे सगळे ठीक. हे ट्रक घेऊन गेलेत, सोमवारी येतील. दुकानात शाळेचे गणवेश आलेत. आठवडाभर दुसऱ्यांच्या कमरा सैल करून माझी कंबर धरलीये. बाळ्या कसा आहे? इन्सुलिन आता स्वतःच टोचून घेतो का? त्याला म्हणावं, मावशी शिंपीण असून सुईला घाबरते.

टिल्लीचे पुढचे दोन दात पडलेत. शिट्टी वाजवायला जाते नि थुंकी उडवते.

ताई, बाळ्या बेशुद्ध पडला तेव्हा तू म्हणालीस, घरातल्या सगळ्या मुलांचं रक्त तपासून घ्या. घेतलं. नेमकं टिल्लीचं निघालं. डॉक्टर म्हणाले, बाळ्याचाच आजार आत शिरलाय, पण साखर अजून वाढलेली नाही, कधी वाढेल ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून लक्ष ठेवा. चांगलं हसतंखेळतं पोर, आणि नर्सबाईंनी हातात एक वही ठेवली. त्या दिवशी मी तुला म्हणाले, 'तुझ्या पोराचं झालं, आता माझ्या पोरीच्या मागे लागलीस.' ते शब्द अजून मलाच टोचतात. माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

दर रविवारी जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचायचं, थेंब यंत्राला लावायचा, आकडा वहीत लिहायचा. तीन महिन्यांनी दवाखाना. वाट बघणं हेसुद्धा काम असतं गं, फक्त त्याला सुट्टी नसते. मी फार दमलेय.

डिसेंबरात त्यांनी रक्त तपासलं, ते चांगलं आलं. नर्सबाई म्हणाल्या, 'वही किती नीट ठेवलीये, बाकीच्या आयांना दाखवते.' मला तिथून पळून जावंसं वाटलं.

कारण वहीतले नोव्हेंबरपासूनचे आकडे माझे आहेत.

एका रविवारी टिल्ली माझं अंगुस्तान, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालते ते टोपण, बोटात घालून आली. म्हणाली, 'आता टोच बघू!' मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. मग माझंच बोट टोचलं. शिंपिणीच्या बोटाला एक भोक जास्त, कोण मोजतंय? आकडा आला १०२. तो तिच्या नावापुढे लिहिला. म्हटलं, एवढा एकच रविवार.

पुढच्या रविवारी तीच म्हणाली, 'आई, आज पण तुझंच बोट ना?' मग ती थेंब काढायची, फुंकर घालायची, ऐटीत आकडा वाचायची. आणि मी सात वर्षांच्या पोरीला सांगितलं, बाबांना बोलायचं नाही.

तिची दया आली म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. साफ खोटं. मला तिचा आकडा बघायची भीती वाटत होती. माझा आकडा बघितला की रविवारची दुपार सुखात जायची.

काल वर्गाच्या बाईंनी सहज सांगितलं, टिल्ली हल्ली पाणी फार पिते, मधल्या सुट्टीआधीच बाटली संपते. घरी आल्यावर मी तिचं बोट टोचलं. २१७. हाताला काही गोड लागलं असेल म्हणून साबणानं धुवून पुन्हा बघितलं. २२१. टिल्ली उड्या मारत म्हणाली, 'आई, माझा तुझ्यापेक्षा जास्त आला!'

सकाळी दवाखान्यात फोन करून कालचा आकडा सांगितला. नर्सबाई म्हणाल्या, 'गेल्या रविवारचा किती?' मी वहीतला सांगितला, १०४. त्या म्हणाल्या, 'तुमच्या वहीत कधी गडबड नसते, यंत्रच बिघडलं असेल. गुरुवारी येताना घेऊन या.' मी 'बरं' म्हणाले. ताई, मला बरंही वाटलं गं. पाच दिवस मिळाले म्हणून! मग वाटलं, कुणाशी तरी बोलावं, आणि कागद घेऊन बसले. वरचं सगळं लिहिताना टिल्ली तीनदा उठून पाणी प्यायली. बाळ्याचंही असंच होत होतं ना? तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे.

उठते. फोन करून येते.

केला. सगळं सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या, 'ओरडायचं नंतर. आत्ताच्या आत्ता घेऊन या, वही राहू दे.' टिल्ली चपला घालतेय. उलट्या घातल्यात, तशाच राहू देत. बोटातलं अंगुस्तान मी मागायच्या आधीच तिनं काढून माझ्या हातात दिलंय.

हे वाटेतल्या पेटीत टाकते. त्याआधी कदाचित माझा फोन येईल. उचल. मी काहीच बोलले नाही तरी ठेवू नकोस. वर 'सगळे ठीक' लिहिलंय ते खोडते. इकडे काही ठीक नाही, ताई. ये.

तुझी भांडकुदळ
धाकटी