प्लॉटिंगमधल्या साळूबाई

बदनापूर, मंगळवार

तीर्थरूप आई,

इथूनच तुझ्या पाया पडते.

माझं जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस. शहर सोडून लोक या गावात राहायला का येतात, हे सर्वेक्षणाच्या फॉर्मसाठी घरोघर विचारून पाय मात्र पार भरून आलेत.

काल गावाबाहेर शेतात पाडलेल्या नव्या प्लॉटिंगमधल्या एका घरातून कण्हण्याचा आवाज आला. दार ढकललं, तर साळूबाई नावाच्या आजी न्हाणीपाशी पडलेल्या, सकाळपासून. मुलगा आणि सून पहाटेच्या गाडीनं शहरात कामाला गेलेले. शेजारच्या घरांनाही कुलपं. मी जुन्या गावात पळाले. किराणा दुकानातले मच्छिंद्रकाका जल्दी गाडी घेऊन आले, पण वाटेत म्हणाले, "दोन वर्षं झाली ह्यांना इथं येऊन, पण ह्या माउलीचं नावबी आम्हाला ठाऊक न्हाई."

दवाखान्यात कळलं, मांडीचं हाड मोडलंय. संध्याकाळी त्यांचा मुलगा, कल्याण नावाचा, आला. आईचा हात धरून बसला. मंग मला म्हणाला, "तिला मोकळी हवा मिळावी म्हणूनच इथं राहायला आल्तो, ताई."

हे फॉर्मवर लिहायला माझा हात उचलेना.

दादा पुण्याला, मी इथं. टेंभुर्णीत तू दिवसभर एकटी. कौसल्याकाकूंना रोज डोकावायला सांगितलंय, रागावू नकोस. शनिवारी मी येतेच आहे.

गुडघा कसा आहे, खरं सांग. फोनवर तू "बरा आहे" म्हणतेस. साळूबाईही मुलाला रोज तेच सांगायच्या.

तुझी,
अक्षता