चाळीस वर्षं टिकणारं लेबल

३ एप्रिल, सकाळी ७.१०
आजवर या हातांनी केलेलं, क्रमानं: तळघरातल्या फळ्या (४१). पत्र्याचे खोके (१,३१२). मोडीत निघालेल्या फ्रिजमधून हवा कोरडी करणारं यंत्र. जुन्या फॅक्समधून लेबलं छापणारं यंत्र. प्रत्येक लेबलावर पारदर्शक पट्टी, बुडबुडा एकही नाही. शिक्षक: कोणी नाही.

जहाजाच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसला हात लावलेल्या माणसाची नोंद चाळीस वर्षं जपायची असते. धूळ आज छातीत जाते, दुखणं तीस-पस्तीस वर्षांनी वर येतं. तोवर फोरमन मेलेला, बोट भंगारात. साक्षीला उरतो कागद. आणि मी.

११ एप्रिल
कोपऱ्यातली लेबलं अंधुक दिसतात. बल्ब बदलला.

१९ एप्रिल
बल्बचा दोष नव्हता. डोळे. चष्मा नवा केला.

२२ एप्रिल
पेपर स्वच्छ दिसतो, लेबलं नाहीत. चष्मेवाल्याला काम येत नाही.

७ मे, दुपारी
कुरामित्सु बाई आल्या. त्यांचा नवरा १९८३ ते ९१ इथे बॉयलरला ॲस्बेस्टॉस गुंडाळायचा. आता दवाखान्यात, ऑक्सिजनवर. भरपाईच्या अर्जाला त्याच्या कामाची नोंद हवी. मंजुरीचा कागद त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय. तो म्हणे निर्धास्त आहे: शिओझाकी-सान (म्हणजे मी) तळघरात आहेत ना, मग झालं. मी म्हटलं, शुक्रवारी या. खरं तर दहा मिनिटांचं काम.

८ मे
लेबलं कोरी आहेत. सगळी नाहीत. पहिल्या चाळीस फळ्यांवरचीच.

आमच्या सेक्शनच्या प्रमुख इगाराशी बाई खाली आल्या. म्हणाल्या, अहो, हा फॅक्सचा कागद ना? माझ्या पर्समधल्या पावत्या दोन वर्षांत कोऱ्या होतात, आणि वर टेप लावली तर आणखी लवकर. मी सांगितलं, पावती आणि लेबल यांत फरक असतो. मग यादी कुठाय, म्हणाल्या. मी डोक्याला बोट लावलं. त्या बराच वेळ बोटाकडे बघत राहिल्या.

१० मे, शुक्रवार
कुरामित्सु बाईंना पुढचा शुक्रवार दिला. एकेक खोका उघडून बघतोय. दिवसाला आठ. शिस्तीत. बाईंनी घरची लिंबं आणली होती.

१७ मे
५६ झाले. इगाराशी बाई दोन माणसं देते म्हणाल्या. नको म्हटलं, क्रम बिघडतो. त्या म्हणाल्या, कसला क्रम, शिओझाकी-सान?

पुढचा खोका उघडला. कुरामित्सु बाईंना पुढचा शुक्रवार. पुन्हा लिंबं.

५ जून
१५२ झाले. आजपासून दिवसाला बारा. जेवण उभ्यानं. हिशेब केला: ऑक्टोबरात नक्की.

१४ जून
कुरामित्सु बाई म्हणाल्या, ते आता फार बोलत नाहीत, पण दर शुक्रवारी विचारतात. मी म्हटलं, त्यांना सांगा, काळजीचं कारण नाही.

२१ जून, शुक्रवार
सापडलं! सकाळचा पहिलाच खोका, २९७ वा. कुरामित्सु, आठ वर्षं, एकूण एक दिवस. शाई ताजी, कागद करकरीत, बुरशीचा ठिपका नाही. याला म्हणतात जपणं.

चार वाजेपर्यंत बाई आल्या नाहीत. फोन केला. म्हणाल्या, मंगळवारी गेले ते. मग म्हणाल्या, कागद पाठवून द्या तरी. तुम्हालाही फार दगदग झाली.

२४ जून
तळघरातला दमटपणा ४५ टक्के. बरोबर जितका हवा तितका.

लिंबं पेटीत तशीच आहेत. सतरा.

नऊ वर्षांपूर्वी बाजारातल्या छापखान्याचा माणूस आला होता. सगळ्या खोक्यांवर पक्क्या शाईनं नावं घालून देतो म्हणाला, वर यादीच्या दोन प्रती बांधून. मी त्याला माझं यंत्र दाखवलं आणि जिन्यापर्यंत सोडून आलो. नव्वद हजार येन सांगितले होते त्यानं.