टाकीत सोडलेला मासा

तीर्थस्वरूप दादांना,

वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढं वाकून). तुमची दाढ, वहिनींचा खोकला आणि दोघांची एकमेकांवरची कुरकुर नेहमीसारखी चालू असेलच. इकडे तुमच्या बहिणीचा ऑपरेशन झालेला गुडघा आता छान वाकतो. ती माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर सगळं क्षेम आहे.

दोष द्यायचाच तर सुरुवात तुमच्यापासून करावी लागेल. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या चुका काढील, म्हणून तुम्ही मला मासे धरायचा गळ भेट दिलात. थंडी ओसरली, झाडांना कोंब फुटले, तसा मी रोज सकाळी तळ्यावर जाऊन बसू लागलो. माशांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गळाला लागलं काय, तर एक चप्पल, माझीच टोपी आणि शेजारी बसलेल्या कंपाउंडरची बाही. (तो अजूनही बाही वर करून दाखवतो, जणू मी त्याचा हातच तोडला.)

इकडे तुमची बहीण स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून परसातल्या सिमेंटच्या टाकीकडे बघत बसायची. चालता येत नव्हतं, मग करणार काय बिचारी? त्या टाकीत एक बेडकी बाळंत झाली होती. अंड्यांतून पिल्लं निघाली. बारीक, काळी, शेपटीवाली, पानभर स्वल्पविराम सांडावेत तशी. मी परतलो की मासा मिळाला का हे ती विचारायचीच नाही. आज पिल्लं कशी वळवळली तेच सांगायची. मला, खरं सांगतो, त्या स्वल्पविरामांचा हेवा वाटायला लागला होता.

आणि एक दिवस मासा लागला! चांगला हातभर होता (हात लहान मुलाचा धरा). मारायला जीव होईना. म्हटलं, हिलाही बघू दे नवऱ्याचा पराक्रम. डब्यात पाणी घालून आणला आणि हौसेने टाकीत सोडला. मासा काय खातो हा प्रश्न ज्याला पडायला हवा होता, तो आत जाऊन चहा टाकत होता, म्हणजे मीच. दोन दिवसांत टाकी साफ. पिल्लू म्हणून औषधाला उरलं नाही.

दादा, ती रागावली असती तर बरं झालं असतं. "पोटभर जेवला ना तो?" एवढंच म्हणाली आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसली. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते, गप्प बसलेल्याची कशी मागायची? तिच्या आजारपणातली एवढीशी करमणूक मी माझ्या हाताने बुडवली, हे मनातून जात नाही. मासा निदान बाहेर काढावा म्हणून मी आमच्याच टाकीवर गळ टाकून बसलो. तो गळाला लागेना. कंपाउंडर कुंपणावरून डोकावून हवापाणी विचारून गेला.

तुम्ही दोन दिवस येऊन जा. थोरल्या भावाशी ती बोलेल, आणि बोलता बोलता एखादा शब्द चुकून माझ्याकडेही येईल.

आपला,
मेहुणा

ता.क. येताना लांब दांड्याचं जाळं आणा. आपणहून आणलं असं दाखवा.

ता.क. दुसरा. पत्र टपालात टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी मी दाढी करत असताना तिचा आवाज आला, "अहो, लवकर या!" तोंडाला साबण तसाच घेऊन धावलो. टाकीवर टेकवून ठेवलेल्या माझ्या गळाच्या काठीवर एक खंड्या ऐटीत बसला होता. बघता बघता त्याने सूर मारला आणि माझा मासा उचलून गिळला. (हातभर मासा खंड्या कसा उचलेल, हा हिशोब कृपा करून वहिनींसमोर मांडू नका.) ही इतकी हसली की गुडघा धरून बसली, आणि मी माझ्या एकुलत्या एक माशासाठी चोरून डोळे पुसले.

आता जाळं नको. उद्याही ते पाखरू उपाशी येईल, म्हणून तिने मला मासे आणायला सांगितलंय, आणि "तुम्ही आणालच" असंही म्हणाली. तेव्हा येताना बाजारातून बोटाएवढे जिवंत मासे पिशवीतून आणा आणि आधी मागच्या दाराने माझ्याकडे द्या. तिने मला माफ केलं असं समजू नका, दादा. तिने फक्त माझ्यावर पुन्हा एकदा विश्वास टाकलाय, आणि माझी तर पाचावर धारण बसली आहे.