मोकळी ठेवलेली जागा

निमगाव केतकी,
शुक्रवार, ता. २८ एप्रिल २०२३

चि. बानूस थोरल्या ठमाबाईचा आशीर्वाद.

कळंबात तुमी सगळी खुशाल असाल. हितं आमी बरी हाओत. माझा गुडघा दुखतो, पण तोंड शाबूत हाय, म्हंजे काळजीचं कारण न्हाय.

पत्र माझी नात रेश्मा लिहितीया. नवरीनं हात मेंदीनं रंगवायचे, तर मी तिला शाईला बसवलीया. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तुझा गोकुळ म्हणतो, "मावशी, आई झोपलीया." दुपारी बाराला? तू काय घुबड हायेस व्हय? गोकुळराव, आता वाचून दाखवा, आन् मधलं गाळू नका.

तर रेश्माची हळद नऊ मेला हाय. तिला डीजे पायजेल, मला आपली हळदीची गाणी. म्हणलं, दोन्ही वाजू द्या, आधी माझी. पण मांडववाला रामभाऊ अडून बसला. "सीडीच आणा. मोबाईलवर लावलं की मधीच कुणाचा तरी फोन येतो. मागल्या लग्नात नवरदेवाच्या चुलत्याची मूळव्याध अख्ख्या मांडवानं ऐकली." म्हणून रेश्मानं माझी नऊ गाणी मोबाईलवर भरून घेतली, आन् काल आमी दोघी एष्टीनं इंदापुरात, सीडी भरून देणाऱ्या रणजितच्या दुकानात गेलो.

रणजित म्हणला, "आज्जी, सीडी एकदा राईट झाली की पुसता येत न्हाय. आधी सगळी गाणी ऐका. काय ठेवायचं, काय काढायचं, ते आत्ताच सांगा." आन् माझ्या कानांवर दोन वाट्या चढवल्या.

पयल्यांदा मला माझा आवाजच वळखू आला न्हाय. वाटलं, कोण म्हातारी आपली गाणी चोरून म्हणतीया.

मग त्यानं पडद्यावर दावलं. आवाज असंल तितं डोंगर, नसंल तितं सरळ रेघ. "आज्जी, तुमी एक ओळ म्हणता आन् तेवढाच वेळ गप्प बसता. नऊच्या नऊ गाण्यांत. एका जागी कुकरची शिट्टी हाय, एका जागी नुसता कावळा. ह्या मोकळ्या जागा कापतो, गाणं निम्म्यात बसंल."

"मी दम खाती," मी म्हणलं.

"एवढा मोजून दम, आज्जी?"

मी परत ऐकलं. बानू, तो दम न्हवता. वडगावात म्हायेरी परकरी पोरी होतो तवापासनं ओळ मी उचलायची आन् तू झेलायची. तू झेलल्याबिगर मी दुसरी ओळ कधी उचललीच न्हाय. सहा वर्सं झाली, तू झेलत न्हाईस, पण माझं तोंड अजून तुझ्यासाठी थांबतंय. मला ठाऊकच न्हवतं. त्या यंत्राला दिसलं.

मी रणजितचा हात धरला. म्हणलं, "एक बी जागा कापायची न्हाय. राईट बी करायची न्हाय. थांब."

तू का रुसलीस ते मला ठाऊक न्हाय, असं मी सगळ्यांना सांगत आले. रेश्माला तर आज सकाळी सांगितलं. खोटं हाय ते. रेश्मा, पेन खाली ठेवू नको. लिही.

तुझ्या योगिनीच्या लग्नात इहिणीची गाणी चालली होती. थट्टेचीच असतात ती. पण टोचायचं नवऱ्याकडच्यांना, आपल्या माणसाला न्हवं. लोक हसाय लागले, मला चेव आला, आन् मी तुझ्यावरच ओळ केली, बानू दोन वर्सं म्हायेरी बसली म्हणून. मांडव हसला. ओळ झेलायची पाळी तुझी होती. तू पदर तोंडाला लावून उठून गेलीस. योगिनीच्या सासूला वाटलं, तुला सासरच्यांनी टाकली होती. त्यापायी पोरीनं किती ऐकून घेतलं ते मला मागनं कळलं. आन् मी आपली म्हणत ऱ्हायले, "गाण्यात चालतं की."

न्हाय चालत. तू का बसली होतीस? आई अंथरुणाला खिळली होती. पयलं वर्स तुझं, दुसरं माझं, असं आपलं ठरलं होतं. मी आले न्हाय. आधी काढणी हाय म्हणलं, मग म्हस व्यायला झालीया म्हणलं. म्हस काय वर्सभर वीत होती? आईचं हगणं-मुतणं मला नको होतं, एवढंच खरं. तू माझं वर्स बी काढलंस, आन् कधी कुणाला बोलली न्हाईस. ज्याची मला लाज वाटाय पायजे, त्याची मी तुझ्यावर थट्टा बांधली.

आता माझं ऐक. मी दहावं गाणं बांधलंय. पयली ओळ माझी:

पाळी थोरलीची होती, बानू बसली उशाला

दुसरी ओळ तुझी. ती मी बांधलेली न्हाय. मला शिव्या घालायच्या असतील तर त्यातच घाल, यमक तेवढं जुळव.

बुधवारी, तीन तारखेला, अकरा वाजता मी रणजितच्या दुकानात असंन. आलीस तर तितंच दोघी म्हणू. न्हाय आलीस तर दहाच्या दहा गाणी मोकळ्या जागांसकट राईट करून घेणार. योगिनीच्या सासूला आवतण गेलंय, तिला पुढच्या खुर्चीत बसवणार हाय. गाणं मधीच थांबलं की लोक रामभाऊकडं बघतील. मी उठून सांगीन, मशीन बिघडलं न्हाय, ही जागा माझ्या बहिणीची हाय. आन् ती का रिकामी हाय, ते बी तितंच सांगीन. तू ये का नको येऊ, ह्यातनं मी मागं सरणार न्हाय.

मला सही येत न्हाय. रेश्माच्या हळदीतली चिमूट भिजवून खाली अंगठा उठवलाय. वाळल्याबिगर कागद घडी करू नको, असं रेश्माला बजावलंय.

जन्मात पयल्यांदाच गप्प बसून तुझ्या ओळीची वाट बघणारी,
ठमा