दादाचं म्हातारपण

वन्सं,

फोनवर तुम्ही विचारता, "दादाचं हे वयामुळेच ना?" मी हो म्हणते. खरं इथे लिहिते, कारण हे पत्र मी पाठवणार नाही.

त्यांच्या डोक्यात पाणी साठलंय. म्हणून पाय फरशीला चिकटतात, लघवी कपड्यातच होते, काही आठवत नाही. मीरा रोडच्या डॉक्टरांनी तेच पाणी पाठीच्या कण्यातून सुईने थोडं काढून बघितलं. दुसऱ्या दिवशी तुमचे दादा दूध घेऊन जिन्याने वर आले, "मंजुळा" म्हणून हाक मारली आणि दार उघडायला उशीर झाला म्हणून माझ्या कानाखाली वाजवली.

चार दिवसांत पाय परत चिकटले. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करा, पहिल्यासारखे होतील."

मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

आता ते मला ओळखत नाहीत. हात जोडून प्यायला पाणी मागतात. दुसऱ्यांदा मागितलं की देते.

तुमची वहिनी,
मंजुळा