नंदाला एवढंच सांगितलं होतं

१२ सप्टेंबर
संध्याकाळी मंजिरीचा फोन. अमेरिकेतल्या तिच्या गावात शाळा-मंडळाची निवडणूक आहे, उभी राहते म्हणाली. कारण तिचा अर्णव. बारा वर्षांचं पोर, तीन महिने शाळेत गेलं नाही. दाराशी जाऊन थरथरायचं. आता उपचार घेऊन जातो. तशा मुलांसाठी काही करायचंय तिला. "आई, हे फक्त तुला आणि केतकीला माहीत आहे." केतकी तिची तिथली मैत्रीण.

१५ सप्टें.
धाकटी जाऊ नंदा शेंगा फोडायला आली. तिचा संदीप मंजिरीच्या शेजारच्या गावात असतो. तासभर त्याचंच. नवं घर, पोरगी पहिली आली... मला राहवलं नाही. म्हटलं, मंजिरी निवडणुकीला उभी आहे. का म्हणून विचारलं, तर अर्णवचंही निघालं. कुणाला बोलू नकोस म्हणाले.
"न्हाई गं आक्का. मी कुणाला सांगतीय."

६ ऑक्टो.
मंजिरी फोनवर रडत होती. तिथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, हिचा मुलगा मानसिक आजारी आहे. तिथून तिच्या गावाच्या फेसबुक पानावर गेलं, इंग्रजीत. तिथे झालं, त्याने शाळेत चाकू नेला होता. घरात भाजीची सुरीसुद्धा धरत नाही तो.
मी विचारलं, कुणी केलं?
"केतकीच. तू तर सांगणार नाहीस."
मी विचारलं, अर्णव जेवला का.

७ ऑक्टो.
नंदाकडे गेले. आधी नाही म्हणाली, मग, "संदीपला तेवढं बोलले बाई. घरचाच हाय की. त्येच्या बायकोनं पुढं सांगितलं आसंल." वर चहा ठेवला. प्याले मी तो. काय म्हणून प्याले...

१८ ऑक्टो.
डेअरीत शंकरतात्या, चार माणसांत: "सिस्टरबाई, तुमच्या नातवानं तिकडं कुणाला भोसकलं म्हनं?" मी म्हटलं, खोटं आहे. "न्हाई, लोक बोलत्यात म्हनून इचारलं." लोक म्हणजे कोण, ते विचारायला मला तोंड नाही. दूध न घेताच आले.
बत्तीस वर्षं मिरजेला नर्स होते. कुणाला काय झालं, कुणाचं मूल कुणाचं, एक शब्द बाहेर गेला नाही. पगार होता म्हणून नाही. मला वाटायचं मी तशीच आहे.

२४ ऑक्टो.
मंजिरी दारोदार फिरते आहे. एका बाईने दार उघडलं, नाव ऐकलं आणि मुलांना आत बोलावून घेतलं. ओरडली नाही, हसून केलं म्हणे. अर्णव पुन्हा घरीच. ह्या वेळी तो घाबरून नाही, वर्गातली पोरं बाकं लांब सरकवतात म्हणून.
केतकीशी बोलणं तोडलं तिने. केतकी दोनदा दारात येऊन गेली.

५ नोव्हें.
सकाळी निकाल. हरली. थोडक्यात नाही, चांगलीच. "गेलं ना, सुटले," म्हणाली. मी सांगणार होते. मग अर्णव फोनवर आला. "आज्जी, आई हरली ते माझ्यामुळे ना?" मराठी मोडकी त्याची, पण हे स्पष्ट. नाही रे राजा, म्हणाले. पुढचं वाक्य तोंडात होतं. ते बोलले नाही.

९ नोव्हें.
नंदाने आपणहून मंजिरीला फोन केला. सांत्वनाला. अर्णव महिनोन् महिने दाराशी थरथरायचा, किती गं सोसलंस तू, असं म्हणाली. मला अभिमानाने सांगायला आली, "लय समजावलं बघ तिला."
दाराशी थरथरायचं ते ग्रुपवर कुणी टाकलं नव्हतं.
सातला मंजिरीचा फोन. आवाज शांत. "आई, नंदाकाकूला हे कुणी सांगितलं?"
मी म्हणाले, ऐकू येत नाही, रेंज नाही. ठेवला.

१० नोव्हें.
सकाळपासून तिचे तीन फोन येऊन गेले. चौथा आत्ता वाजतो आहे.